पाहुण्यांचा की पाहणाऱ्यांचा?

तालुक्याच्या गावी होणाऱ्या चित्रपट महोत्सवांच्या पत्रिका मी काही वर्षं जमवतो आहे. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक अशी पंधरा-वीस नावं एकेका पत्रिकेवर असतात. पुरस्कारांची यादी असते. भोजनाची वेळ असते. कोणते चित्रपट दाखवणार, हे मात्र बहुतेक पत्रिकांवर नसतं. ज्यासाठी लोकांनी घर सोडून यायचं, तेवढीच गोष्ट छापायची राहिलेली असते.

हे मी बाहेर उभं राहून बोलत नाही. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं आमचं गाव. तिथं आम्ही सात-आठ जणांनी महोत्सव सुरू केला, तेव्हा आम्हीही असंच केलं. लघुपटांची स्पर्धा ठेवली, प्रवेश शुल्क घेतलं, सन्मानचिन्हं करून घेतली, मालिकेतल्या एका नटाला बोलावलं. मंगल कार्यालय भरलं. उद्घाटन पावणेदोन तास चाललं. नट निघाला तशी गर्दी त्याच्यामागे बाहेर पडली आणि पडदा उजळला तेव्हा समोर उरली ती आपापल्या लघुपटाची वाट पाहणारी मुलं. आपला झाला की तीही उठत. अगदी शेवटी आमच्याच तालुक्यातल्या एका मुलाचा लघुपट होता. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. वर्षातून एकदा, यात्रेला, घरी येणारा बाप आणि त्याला नीटसं न ओळखणारी धाकटी मुलगी, एवढीच त्या लघुपटाची गोष्ट. तो पाहायला आम्ही नऊ जण होतो, त्यात चार संयोजक. त्या मुलाला आम्ही उत्तेजनार्थ सन्मानचिन्ह दिलं. त्यानं ते पिशवीत घातलं आणि विचारलं, ‘‘गावातलं कुणीच का थांबलं नाही?’’

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी ज्या मताला आलो ते इथं मांडतो. लहान गावातला महोत्सव हा त्या गावातल्या पाहणाऱ्यांसाठी असला पाहिजे. पाहुण्यांसाठी नको, पुरस्कार घ्यायला येणाऱ्यांसाठी नको, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासाठीही नको. त्यासाठी मोठ्या शहरांतल्या महोत्सवांची नक्कल सोडावी लागेल, आणि पहिल्यांदा स्पर्धा बंद करावी लागेल.

मोठ्या महोत्सवांशी माझं भांडण नाही. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२मध्ये सुरू झाला. त्याच साली मुंबईत प्रभात चित्र मंडळानं आशियाई चित्रपटांचा ‘थर्ड आय’ महोत्सव सुरू केला. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी एसटीनं जाऊन, नातेवाइकांकडे उतरून, दिवसाला चार-चार चित्रपट पाहून पाहण्याची सवय लावून घेतली ती अशाच ठिकाणी. पण त्या महोत्सवांचं काम वेगळं आहे. जगभरातून शे-दोनशे चित्रपट आणायचे, परीक्षक नेमायचे, दिग्दर्शक आणि वितरक यांची गाठ घालून द्यायची. तिथं स्पर्धेला अर्थ आहे, कारण तिथल्या पुरस्कारानं चित्रपटाला पुढची वाट मिळते. आमच्या गावच्या सन्मानचिन्हानं कुठल्या दिग्दर्शकाला कुठली वाट मिळणार? प्रवेश शुल्क गोळा होतं, मुलांच्या पोस्टरवर पुरस्काराची खूण म्हणून छापतात त्या पानांची आणखी एक जोडी वाढते, आणि त्यांनी कष्टानं केलेलं काम पाहायला कुणीच नसतं. पैसे घ्यायचे करणाऱ्याकडून आणि प्रेक्षक द्यायचा नाही, हा सरळसरळ अन्याय आहे. असे महोत्सव आता गावोगावी आणि नुसते संगणकावरही भरतात. चित्रपट करू पाहणाऱ्या गरीब घरातल्या मुलांची त्यात किती उमेद आणि किती पैसे खर्ची पडतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

आपल्याकडे दुसरी परंपरा आहे, एकत्र येऊन चित्रपट पाहणाऱ्या मंडळांची, म्हणजे फिल्म सोसायट्यांची, आणि ती आपण विसरत चाललो आहोत. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ची. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया १९५९ची, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष. प्रभात चित्र मंडळ १९६८ साली मुंबईत सुरू झालं. या मंडळांकडे पाहुण्यांचं व्यासपीठ नव्हतं. सभासदांची वर्गणी होती, भाड्यानं घेतलेलं सभागृह होतं, वकिलातींकडून मागून आणलेल्या रिळांचे डबे होते आणि चित्रपटाआधी हातात पडणारं टिपण होतं. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर सोळा मिलिमीटरच्या प्रती देशभरच्या मंडळांना पाठवत राहिले. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे सतीश बहादुर आणि नायर हे दोघं चित्रपट कसा पाहावा हे शिकवायला शहरं सोडून आडगावांतही गेले.

त्यातलं एक आडगाव कर्नाटकातल्या सागरजवळचं हेग्गोडू. तिथं के. व्ही. सुब्बण्णांची ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था १९४९पासून होती. १९७०च्या दशकात तिनं चित्रपटांचं काम हाती घेतलं. सुपारीच्या बागांत काम करणारी माणसं, शाळामास्तर, गृहिणी जगातले अभिजात चित्रपट पाहायला आणि त्यावर कन्नडमध्ये बोलायला बसू लागली. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा हेग्गोडू हे नाव बाहेरच्यांना कळलं. पण पुरस्काराच्या आधी पंधरा-वीस वर्षं तिथला पडदा नियमानं उजळत होता. एका खेड्यातल्या लोकांना ‘तुम्हाला हे कळणार नाही’ असं कुणी सांगितलं नाही, ही त्यातली माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठी गोष्ट.

कारण आमच्याकडे पहिला आक्षेप हाच येतो. ‘‘गावातल्या लोकांना असले चित्रपट कळत नाहीत.’’ हे म्हणणारे बहुधा गावातलेच शिकलेले लोक असतात, याचं मला जास्त दुःख होतं. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या आणि पुढं पुण्याला गेलेल्या ‘प्रभात फिल्म कंपनी’नं १९३६मध्ये ‘संत तुकाराम’ काढला. त्याचा १९३७च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला, आणि तोच चित्रपट आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांनी डोक्यावर घेतला. व्हेनिसचा प्रेक्षक आणि वारीला जाणारा प्रेक्षक एकाच चित्रपटापुढं बसू शकतात, हे मराठी माणसाला वेगळं सिद्ध करून दाखवायची गरज नसावी. आमच्या भागात यात्रेत तंबू लागायचे. तंबूतल्या प्रेक्षकाची समज मी लहानपणी पाहिली आहे. कुठला प्रसंग खोटा आहे हे त्याला कुणाच्याही आधी कळायचं आणि तो ते मोठ्यानं सांगायचा.

अडचण कळण्याची नसून अक्षरांची आहे. परदेशी, अगदी मल्याळम किंवा बंगाली चित्रपटही आपण इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवतो आणि मग लोक उठून गेले की त्यांच्या अभिरुचीला दोष देतो. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्यासाठी आपण दार लावून घेतलेलं असतं. दुसऱ्या वर्षी आम्ही स्पर्धा बंद केली आणि त्यात जाणारा सगळा वेळ मराठी उपशीर्षकांवर घातला. अब्बास कियारोस्तमींचा १९८७चा इराणी चित्रपट घेतला, ज्याचं नाव मराठीत ‘मित्राचं घर कुठं आहे?’ असं होतं. चौघांनी मिळून संवाद मराठीत केले. दोन आठवडे रोज रात्री बसलो. ओळ लांब झाली तर वाचून होईपर्यंत ती नाहीशी होते, हे पहिल्याच रात्री कळलं. गावातल्या दोन आज्यांना बसवून, त्यांना वाचता येईल इतकी प्रत्येक ओळ आखूड केली. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी एक शिक्षिका शेजारी बसून हळू आवाजात वाचून दाखवत होत्या. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे लोक असत. आम्ही काही नवीन केलं नाही.

त्या चित्रपटात अहमद नावाच्या मुलाच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. उद्या वहीत गृहपाठ नसेल तर मित्राला शाळेतून काढणार. म्हणून तो वही द्यायला टेकडीपलीकडच्या गावी जातो, पण त्याचं घर कुणालाच नीट माहीत नसतं. संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मास्तर म्हणाले, ‘‘त्या आईनं पोराचं ऐकून घ्यायला हवं होतं.’’ मागून शिवणकाम करणाऱ्या एक ताई उठून म्हणाल्या, ‘‘कधी ऐकायचं तिनं? धुणं तिच्या हातात, पाळणा तिच्या गळ्यात. तिचं कोण ऐकतंय?’’ आणि तिथून जे सुरू झालं ते तासभर थांबलं नाही. चित्रपटातले आजोबा सांगतात की आपला बाप आठवड्याला एक नाणं द्यायचा आणि पंधरवड्याला एक मार. नाणं द्यायला तो कधी विसरायचा, मार द्यायला कधीच नाही. त्यावर वाद झाला. शिस्त म्हणजे काय, पोरं मारल्याशिवाय ऐकतात का, आपण का ऐकत होतो. शेवटी निवृत्त झालेले एक गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘मी वहीपायी पोरांना मारलंय. त्यातली दोघं-तिघं इथं बसलीत.’’ त्यापुढं ते काही बोलले नाहीत. त्या दोघा-तिघांपैकी एक जण उठला आणि गुरुजींना पाण्याचा ग्लास नेऊन दिला.

हे एकट्यानं फोनवर चित्रपट पाहून होत नाही. ‘‘आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग महोत्सव कशाला?’’ या आक्षेपाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. चित्रपट मिळणं आणि चित्रपट एकत्र पाहणं या दोन गोष्टी आहेत. गुरुजींना ते वाक्य घरच्या खोलीत बोलता आलं नसतं.

आता पैशांचं. महोत्सव म्हटला की संयोजक आधी प्रायोजक शोधतो किंवा पुढाऱ्याच्या दारात जाऊन बसतो. दोन्हीकडे किंमत मोजावी लागते. आम्हाला एका प्रायोजकानं पडद्याशेजारी फलक लावायला सांगितलं. ते आम्ही मान्य केलं. मग त्यांच्या माणसाचा निरोप आला, जमिनीच्या वादावरचा एक माहितीपट वगळा. आम्ही तो वगळला नाही आणि पैसे आले नाहीत. त्या वर्षी खुर्च्यांचं भाडं आम्ही खिशातून दिलं. तेव्हापासून आम्ही पावतीपुस्तक काढलं. शंभर रुपये, तीन दिवस. ज्याच्याकडे नाहीत त्यानं तसंच यावं, पण नाव नोंदवावं.

वर्गणी ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. गणपती, हरिनाम सप्ताह, यात्रा, तालमीची दुरुस्ती, सगळं आपण वर्गणीवर करतो. ज्यानं शंभर रुपये दिले तो माणूस आवाज नीट येत नसेल तर येऊन सांगतो, चित्रपट आवडला नाही तर जाब विचारतो. फुकट बोलावलेला माणूस नुसता उठून जातो. उत्तर प्रदेशात गोरखपूरला २००६ साली ‘प्रतिरोध का सिनेमा’ ही महोत्सवांची चळवळ सुरू झाली तीच कुठल्याही कंपनीचं प्रायोजकत्व न घेता, लोकांच्या पैशांवर. तिथून ती लखनौ, पाटणा, नैनिताल, भिलाई, उदयपूर अशी पसरत गेली. केरळात त्याआधी, १९८४मध्ये, मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ओडेसा’ हा गट काढला. गावोगावी चित्रपट दाखवून लोकांकडून पैसे गोळा केले आणि त्यातून १९८६मध्ये ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट तयार झाला. आमच्या गावाहून गोरखपूर श्रीमंत नाही आणि १९८४चं केरळ आजच्या महाराष्ट्राहून श्रीमंत नव्हतं. आमच्याकडे तर कोइमतूरपासून दिल्लीपर्यंत पसरलेली गलाईवाली मंडळी आहेत. देवळाच्या कळसाला ती पैसे पाठवतात. या कामाला मागितले तेव्हा त्यांनी तेही पाठवले, आणि कुणीही पत्रिकेवर नाव टाका म्हणालं नाही.

वर्गणीतला पहिला खर्च करणाऱ्याला मानधन देण्याचा असावा. ‘‘तुमचा चित्रपट आमच्या व्यासपीठावर दाखवतोय, हेच मोठं’’ ही भाषा बंद झाली पाहिजे. मांडववाला, आवाजवाला, जेवणवाला, सगळ्यांना आपण पैसे देतो आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं त्यालाच फुकट ये म्हणतो. रक्कम लहान असू दे. आम्ही प्रवासखर्च आणि एक छोटं पाकीट देतो, राहायला घर देतो आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक देतो.

आणि सरकारनं काय करावं? अनुदान द्या, पुरस्कार द्या, असं मी म्हणणार नाही. दोन गोष्टी मागेन. पहिली परवानगीची. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी चित्रपट दाखवायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवाला यातून सूट मिळते, पण ती दिल्लीत, माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे मागावी लागते. चित्रपटांची यादी, गोषवारे, निवड समिती असा सगळा कागद उभा करायचा. पुण्या-मुंबईच्या महोत्सवांकडे त्यासाठी कार्यालय असतं. दोनशे खुर्च्यांच्या महोत्सवाकडे एक शिक्षक आणि एक औषध दुकानदार असतो. सूट देणं-न देणं सरकारच्या हाती असल्यानं नको असलेला चित्रपट अडवण्याचा रस्ताही तिथंच राहतो. २००४ साली मुंबईच्या माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना प्रमाणपत्राची अट घातली गेली. त्याविरुद्ध माहितीपटकार एकत्र आले आणि त्यातूनच ‘विकल्प’ हा पर्यायी महोत्सव उभा राहिला, हे विसरू नये. याच कायद्याच्या कलम ९मध्ये केंद्र सरकारला एखाद्या चित्रपटाला किंवा चित्रपटांच्या एखाद्या वर्गाला सूट देण्याचा अधिकार आहे. म्हणजे कायदा न बदलताही, नफा न कमावणाऱ्या आणि ठरावीक आसनसंख्येच्या आतल्या महोत्सवांसाठी एकच सर्वसाधारण सूट काढता येईल. आयोजकानं यादी तहसील कार्यालयात नोंदवावी, जबाबदारी घ्यावी. एवढा विश्वास नागरिकांवर ठेवायला काय हरकत आहे?

दुसरी मागणी जागेची. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा आहे आणि सरकारचं अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं गावोगावी आहेत. अनेकांकडे छोटंसं सभागृह आहे, वर्षातले बरेच दिवस बंद. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिची लागण महाराष्ट्रभर झाली. गावाला बसून ऐकायची सवय लागली ती त्यातून. बसून पाहायची आणि मग बोलायची सवय याच ग्रंथालयांत लावता येईल. एक चांगला प्रोजेक्टर, पांढरा पडदा, खिडक्यांना काळं कापड. पुस्तकांच्या अनुदानाला हात न लावता, त्यासाठी वेगळी तरतूद करून. नगरपालिकांच्या नाट्यगृहांनी अशा कार्यक्रमांना लग्न-मेळाव्यांचं भाडं लावू नये, हेही त्यातच आलं.

हे सगळं आत्ताच का करायचं, त्याला कारण आहे. मराठीत सध्या आपल्याच गावांतून, आपल्याच बोलीत, आपलेच लोक घेऊन चित्रपट होत आहेत. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, गावकऱ्यांना घेऊन झाला. २०२३मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा सन्मान मिळाला. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम ज्या घरांत होतो त्याच घरांबद्दल ‘स्थळ’ बोलतो, आणि ती घरं असलेल्या बहुतेक तालुक्यांत तो दाखवायला पडदा नाही. एकपडदा चित्रपटगृहं बंद पडून तिथं मंगल कार्यालयं आणि गाळे झाले. मल्टिप्लेक्स चाळीस-पन्नास किलोमीटरवर, आणि तिथंही असा चित्रपट आठवडाभर टिकला तर नशीब. टोरांटोला पोचलेला चित्रपट शेजारच्या तालुक्याला पोचत नाही, ही आपली परिस्थिती आहे. लहान महोत्सवांशिवाय दुसरा कुणी हे अंतर तोडणार आहे असं मला दिसत नाही.

स्पर्धा बंद केली तेव्हा मुलं नाराज झाली, हे मान्य केलं पाहिजे. बक्षिसाच्या आशेनं का होईना, काही जण कॅमेरा हातात घेतात, असं आमच्यातलेच दोघं म्हणत होते, आणि त्यात तथ्य आहे. आमच्याकडे येणाऱ्या लघुपटांची संख्या निम्म्यावर आली. पण आता निवडलेल्या प्रत्येक लघुपटाला मोठ्या चित्रपटाच्या आधी, भरल्या सभागृहात जागा असते आणि नंतर करणाऱ्यानं लोकांपुढं बसायचं असतं. लोक सोडत नाहीत. एका मुलाला विचारलं गेलं की तुझ्या चित्रपटात म्हातारी मरते तेव्हा पाऊस का पाडलास, आमच्याकडे जून कोरडाच जातो. त्यानं पुढच्या वर्षी नवा लघुपट आणला. त्यात पाऊस नव्हता.

नऊ माणसांनी पाहिलेला तो गलाईवाला लघुपट आम्ही तिसऱ्या वर्षी पुन्हा लावला, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा बाहेरगावची मंडळी गावात असतात. भिंतीला टेकून उभे राहिलेले लोक धरून तीनशेच्या आसपास माणसं असतील. बावीस मिनिटांच्या लघुपटावर दीड तास बोलणं झालं. बोलले जास्त बापलोकच. घरी आल्यावर पहिले दोन दिवस लेक जवळ येत नाही, हे त्यांनी एकमेकांसमोर पहिल्यांदाच सांगितलं असावं. मांडववाला साडेअकराला खुर्च्या गोळा करू लागला, तर पुढच्या चार ओळी उठेनात. शेवटी तोही एक खुर्ची ओढून बसला. त्याचा थोरला भाऊ सेलमला असतो.

यंदाची पत्रिका परवा छापून आली. आठ चित्रपट, त्यांचे दिग्दर्शक, सुरू होण्याच्या वेळा, आणि खाली एक ओळ: सर्व चित्रपटांना मराठी अक्षरं असतील, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी वाचून दाखवणारं माणूस बसेल.